अडणारा संगणक आणि त्याचे गिऱ्हाईक



शिवणयंत्राचा दोरा वरचेवर तुटू लागला म्हणजे आपण ते दुरुस्त करणाऱ्यास बोलावितो. पंखा घरघरू लागला तर ज्या दुकानातून आणला तेथे पावती घेऊन जातो. नव्या कुकरची शिटी वाजेनाशी झाली तर घरातील गृहिणी कारखानदाराचा उद्धार केल्यावाचून राहात नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडतो. ऐन कामाच्या वेळी पडदा गोठला, लिहिलेला मजकूर नाहीसा झाला, किंवा यंत्र आपण होऊन बंद पडले, तर भोवतालची माणसे यंत्राकडे न पाहता यंत्रापुढे बसलेल्या माणसाकडे पाहतात. आणि तोही बिचारा 'माझ्या हातून काय झाले कोण जाणे' असे म्हणून ओशाळतो. पैसे मोजले त्याने, वेळ गेला त्याचा, काम बुडाले त्याचे, आणि अपराधीही तोच! हा न्याय कोठून आला व त्यात तथ्य किती, ह्याचा आज थोडा विचार करावयाचे योजिले आहे. मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते मुलांस व्याकरण व हिशेब शिकविण्यात. परंतु हिशेब शिकविणाऱ्यास एक सवय जडलेली असते: उत्तर चुकले म्हणजे चूक कोणत्या पायरीवर झाली, हे शोधल्यावाचून त्यास चैन पडत नाही.

प्रथम यंत्राच्या आतील कारभार पाहू. संगणकावर आपण पत्र लिहितो, हिशेब मांडतो, चित्रे पाहतो. ही कामे करणाऱ्या निरनिराळ्या आज्ञावली असतात, त्यांस आपण प्रोग्रॅम म्हणतो. ह्या सर्वांच्या वर एक मुख्य आज्ञावली असते, तिचे नाव ऑपरेटिंग सिस्टम. विंडोज, मॅक, लिनक्स ही ह्या जातीची नावे. तिचे काम शाळेच्या मुख्याध्यापकासारखे. कोणत्या वर्गास कोणती खोली द्यावयाची, कोणाचा तास केव्हा संपवावयाचा, प्रयोगशाळेची किल्ली कोणाच्या हाती द्यावयाची, हे सारे तिने ठरवावयाचे. एखादा प्रोग्रॅम बिघडला तर तेवढाच बंद पडावा, बाकीच्यांस झळ लागू नये, ही व्यवस्था ठेवणे हे तर तिचे आद्य कर्तव्य. एका वर्गात गोंधळ झाला म्हणून सबंध शाळा सोडून द्यावी लागत असेल, तर दोष मुलांचा म्हणावयाचा की शाळेच्या मांडणीचा?

ह्या व्यवस्थेची दोन अंगे आहेत. पहिले वेळेच्या वाटपाचे. वक्तृत्वसभेत प्रत्येक वक्त्याने आपण होऊन खाली बसावे असा नियम असला, तर एखादा वाचाळ वक्ता सारी सभा अडवून धरतो; अध्यक्षाच्या हाती घंटा असली, तर पाच मिनिटे होताच तो ती वाजवून त्यास बसवितो. जुन्या विंडोजमध्ये व जुन्या मॅकमध्ये पहिला प्रकार होता. प्रोग्रॅमने सौजन्याने यंत्र सोडले तर दुसऱ्याची पाळी. न सोडले तर सारे ठप्प. आपण 'संगणक हँग झाला' म्हणतो, त्याचे एक मोठे कारण हे. दुसरे अंग स्मरणाचे. प्रत्येक मुलाजवळ आपापली पाटी असली तर एकाच्या चुकीने दुसऱ्याचे गणित पुसले जात नाही. साऱ्यांनी एकाच फळ्यावर लिहावयाचे ठरविले, तर एकाची बाही दुसऱ्याच्या अक्षरांवरून फिरणारच. ज्या यंत्रात प्रोग्रॅमांच्या स्मरणाच्या जागा एकमेकींपासून भिंतीने तोडलेल्या नसतात, तेथे पत्र लिहिणाऱ्या प्रोग्रॅमची चूक हिशेबाच्या प्रोग्रॅमला, आणि पुढे खुद्द मुख्याध्यापकाला भोवते.

आता कोणी म्हणेल की ही भिंत कशी घालावी हे त्या काळी ठाऊक नसेल. तसे मुळीच नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्स ही प्रणाली जन्मास आली, तिच्यात पुढे हे सारे होते. घरगुती संगणकात बसणाऱ्या इंटेल कंपनीच्या ८०३८६ ह्या चिपमध्ये १९८५ पासून अशा भिंतीची सोय तयार होती. फार काय, खुद्द मायक्रोसॉफ्टने डिजिटल ह्या कंपनीतून आलेल्या डेव्हिड कटलर ह्या कसबी अभियंत्याच्या हातून विंडोज एनटी ही भक्कम प्रणाली १९९३ च्या जुलैत बाजारात आणिली होती. मग १९९५ च्या ऑगस्टात घरोघर जी विंडोज ९५ गेली, ती अशी डळमळीत का?

उत्तर पैशात आहे. एनटीला निदान १२ मेगाबाइट स्मरण लागे; विंडोज ९५ चार मेगाबाइटांत चालते, असे तिच्या खोक्यावर लिहिलेले होते. त्या काळी स्मरणाच्या चिपा महाग असत. शिवाय लोकांच्या घरी जुने खेळ, जुने हिशेबाचे प्रोग्रॅम होते. ते नव्या प्रणालीत चालले नाहीत तर ती घेणार कोण? म्हणून नव्या इमारतीत जुन्या वाड्याच्या भिंती तशाच ठेविल्या. नव्या जातीच्या प्रोग्रॅमांस अध्यक्षाची घंटा लागू झाली, जुन्या जातीचे पूर्वीप्रमाणेच सौजन्यावर चालले. आणि स्मरणाचा काही भाग साऱ्यांस लिहिण्यास मोकळा राहिला. ही चूक नव्हती. हा सौदा होता. स्वस्तपणा व जुन्याशी मेळ ह्यांच्या बदल्यात स्थैर्य दिले गेले. सौदा वाईटच होता असे मी म्हणत नाही, कारण त्यामुळेच संगणक मध्यम स्थितीच्या घरांत आला. माझे म्हणणे एवढेच की सौद्याची ही बाजू गिऱ्हाइकास कोणी सांगितली नाही.

ह्या काळातील एक गोष्ट मला फार बोधक वाटते. विंडोज ९५ व ९८ ह्यांच्या पोटात एक गणकयंत्र होते. यंत्र सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद लोटले ते मोजणारे. त्याला ३२ द्विमान अंकांची जागा दिलेली होती. तेवढ्या जागेत ४,२९,४९,६७,२९६ पर्यंतचीच मोजणी मावते. नंतर गाडी पुन्हा शून्यावर येते. माझ्या विद्यार्थ्यांनी हा भागाकार आनंदाने केला असता. दिवसाचे मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. त्याने भागिले म्हणजे ४९ दिवस आणि १७ तास. इतका वेळ यंत्र सतत चालू राहिले, की ते गोठून जावयाचे. हा दोष जाहीर झाला तो १९९९ साली, म्हणजे विंडोज ९५ निघाल्यावर तीन वर्षांहून अधिक काळाने. इतका उशीर का? ह्याचे उत्तर उघड आहे. सात आठवडे न अडता चालणारे घरगुती यंत्र शोधूनही सापडणे कठीण! बहुतेक यंत्रे त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्याच कशाने तरी अडत, आणि माणसे ती बंद करून पुन्हा सुरू करीत. एका दोषाने दुसऱ्या दोषास असे झाकून ठेविले.

बंद करून पुन्हा सुरू केल्याने यंत्र शहाण्यासारखे का वागू लागते, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. त्यात जादू नाही. चालू यंत्रातील स्मरण म्हणजे दिवसभर लिहून भरलेला फळा. त्यावर अर्धवट पुसलेल्या, एकावर एक चढलेल्या खुणा साचत जातात. वीज तोडली की फळा स्वच्छ होतो, आणि यंत्र साठवणीतल्या मूळ प्रतीवरून पहिला धडा पुन्हा गिरवू लागते. रोग जात नाही. रोगाचा आजचा झटका जातो. कंट्रोल, ऑल्ट व डिलीट ह्या तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू करण्याची युक्ती आयबीएम कंपनीच्या डेव्हिड ब्रॅडली ह्यांनी १९८१ च्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी काढली, ती मुळात यंत्र बनविणाऱ्यांच्या आपसातील सोयीसाठी. २००१ साली त्या संगणकाच्या विसाव्या वाढदिवसाच्या सभेत ब्रॅडली विनोदाने म्हणाले की युक्ती माझी, परंतु तिला कीर्ती मिळवून दिली ती बिल गेट्स ह्यांनी. गेट्स शेजारीच बसले होते.

गेट्स साहेबांच्या वाट्याला ह्याहूनही अवघड प्रसंग आलेला होता. १९९८ च्या एप्रिलात शिकागो येथील प्रदर्शनात विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. त्यांच्या सहकाऱ्याने चित्रे टिपणारे स्कॅनर यंत्र जोडले, आणि भरसभेत, भल्यामोठ्या पडद्यावर, तो सुप्रसिद्ध निळा पडदा झळकला. सभा हसली, टाळ्या वाजल्या. गेट्स म्हणाले की म्हणूनच आम्ही ही प्रणाली अजून विकावयास काढली नाही. उत्तर हजरजबाबी खरे. पण ती जूनमध्ये विकावयास निघाली, आणि निळा पडदा तिच्याबरोबर घरोघर गेला.

त्या स्कॅनरच्या गोष्टीत पुढच्या कथेचे बीज आहे. २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आली आणि एनटीची भक्कम चौकट प्रथमच घरगुती गिऱ्हाइकास मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये अॅपलनेही आपली जुनी मॅक प्रणाली टाकून युनिक्सच्या घराण्यातील नवी आणिली. पाट्या वेगळ्या झाल्या, घंटा अध्यक्षाच्या हाती आली. मग यंत्रे अडावयाची थांबली काय? पुष्कळ कमी झाली, पण थांबली नाहीत. कारण ऑपरेटिंग सिस्टमच्या अगदी आत एक गाभारा असतो, त्यास कर्नेल म्हणतात. बाहेरचा प्रोग्रॅम पडला तर एकटा पडतो. गाभाऱ्यात जो शिरला त्याचे पाऊल घसरले, तर यंत्राला सारेच थांबविण्यावाचून गत्यंतर राहात नाही. निळा पडदा हे खरोखर ह्या थांबण्याचे नाव. चुकीच्या आकड्यांवर काम रेटून साठविलेल्या माहितीचा नाश करण्यापेक्षा यंत्राने थांबलेले बरे, असा त्यामागचा विचार असतो, आणि तो योग्य आहे.

प्रश्न हा की गाभाऱ्यात प्रवेश कोणास? छापणारे यंत्र, ध्वनीचे यंत्र, चित्राचे यंत्र, जे जे म्हणून संगणकास जोडावयाचे त्याचा एक ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, आणि पुष्कळसे ड्रायव्हर गाभाऱ्यातच बसतात. ते लिहितात त्या त्या यंत्रांचे कारखानदार. कोणी काळजीपूर्वक, कोणी घाईने. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे नमूद आहे की विंडोज एक्सपीच्या नोंदविलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरांमुळे होत. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा आली तेव्हा तेच झाले. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत पत्रे न्यायालयापुढे आली, त्यांवरून दिसले की व्हिस्टाच्या नोंदविलेल्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्क्यांचे मूळ एनव्हिडिया ह्या एकाच कंपनीच्या चित्र-ड्रायव्हरांत होते. गिऱ्हाइकाला ह्यातले काय दिसत होते? निळा पडदा, आणि त्यावर काही आकडे. विंडोजवाला म्हणे ड्रायव्हरवाल्यास विचारा, ड्रायव्हरवाला म्हणे विंडोजवाल्यास.

येथे मला एका शाळेतील हकीगत सांगितल्यावाचून राहवत नाही. वार्षिक निकालाचे दिवस होते. गुणपत्रके तयार करण्यासाठी शाळेने एका विक्रेत्याकडून प्रोग्रॅम विकत घेतला होता, आणि तो चालविण्याचे काम कचेरीतील एका बाईंकडे होते. ऐन निकालाच्या आधल्या दिवशी यंत्र तीनदा गोठले व दोन तुकड्यांचे गुण पुन्हा भरावे लागले. मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर बाईंस फैलावर घेतले. विक्रेत्यास दूरध्वनी केला, तर तो म्हणाला की मुलांनी यंत्रात खेळ घातले असतील, नाहीतर व्हायरस शिरला असेल. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर नोंद ठेवावयास आरंभ केला: किती वाजता अडले, त्या वेळी काय उघडे होते, कोणती कळ दाबली होती. तीन आठवड्यांनी ती पाने मी पाहिली. बेरजेचा तक्ता उघडा असताना छापण्याची आज्ञा दिली की यंत्र अडे. तक्ता मिटून छापले की कधीही अडत नसे. ती पाने विक्रेत्यापुढे ठेविली तेव्हा त्याने दोष कबूल केला नाही, पण महिनाभरात गुपचूप नवी प्रत पाठविली आणि खोड बंद झाली. मुख्याध्यापकांनी बाईंस त्याविषयी पुढे काही म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ती शाळेची गोष्ट सोडा. दोष राहतातच का, हा मूळ प्रश्न. हा प्रश्न तज्ज्ञांसही जुना आहे. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेने भरविलेल्या परिषदेत सॉफ्टवेअरच्या धंद्यावरील अरिष्ट ह्या नावाने त्याची चर्चा झाली होती. डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा ह्यांनी बजाविले होते की चाचण्या घेऊन दोष आहेत एवढे दाखविता येते, दोष नाहीत हे दाखविता येत नाही. आयबीएमच्या एका प्रचंड ऑपरेटिंग सिस्टमचे काम पाहिलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स ह्यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात तर असे लिहिले की एक दोष दुरुस्त करताना नवा दोष घुसण्याचा संभव शेकडा २० ते ५० इतका असतो. म्हणजे पूर्ण निर्दोष वस्तू मागणे हे गिऱ्हाइकाने हट्टाचे होईल, हे मला मान्य आहे. परंतु ही जाणीव असलेला शहाणा कारखानदार वस्तू बाहेर काढण्यापूर्वी अधिक सावध होईल, असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात घडले ते उलट. जोवर प्रणाली तबकडीवरून विकली जात असे, तोवर चूक सुधारणे खर्चाचे होते, म्हणून निदान तेवढी भीती असे. घरोघर इंटरनेट आल्यावर, आज माल पाठवू, दुरुस्ती उद्या पाठवू, असे म्हणणे सोपे झाले. अपडेट हा शब्द आपल्या घरांत आला तो असा.

अपडेट घ्यावेच लागतात, कारण त्यांतच चोरांपासून संरक्षणाच्या दुरुस्त्या असतात. २००३ च्या ऑगस्टात ब्लास्टर नावाच्या किड्याने जगभर यंत्रे बंद पाडली, त्याच्यावरचा उतारा सुमारे महिनाभर आधी उपलब्ध होता. पुष्कळांनी तो घेतला नव्हता. पण उताराच बाधला तर? २०१८ च्या २ ऑक्टोबरला विंडोज १० चा मोठा अपडेट निघाला. कित्येकांनी आपले कागदपत्रांचे कप्पे मूळ जागेवरून दुसरीकडे हलविले होते. जुन्या जागी कप्प्याची रिकामी प्रतिकृती राहू नये म्हणून अपडेट ती पुसून टाकी, पण काही घरी ती रिकामी नव्हती! लोकांचे फोटो, कागद, हिशेब गेले. चारच दिवसांत अपडेट थांबविणे भाग पडले, आणि सुधारलेली प्रत नोव्हेंबरात निघाली. ह्यात मनाला लागणारी गोष्ट निराळीच आहे. आधीची प्रत हौसेने तपासून पाहणाऱ्यांपैकी काहींनी हा दोष कळविला होता. परंतु तक्रारींचा ढीग मतांच्या संख्येवरून लावला जात असल्यामुळे ती तक्रार तळाशी राहिली. त्यानंतर तक्रारीबरोबर तिची तीव्रता सांगण्याचीही सोय करण्यात आली. आग लागली म्हणून ओरडणाऱ्याचा आवाज किती जणांनी उचलून धरला, ह्यावर पाण्याचा बंब अवलंबून ठेवावा तसा हा प्रकार.

आणि मग १९ जुलै २०२४ चा शुक्रवार उजाडला. क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीचा पहारेकरी प्रोग्रॅम मोठमोठ्या संस्थांच्या विंडोज यंत्रांत, गाभाऱ्यात बसविलेला असतो. नव्या चोरांची लक्षणे सांगणाऱ्या लहान फायली त्यास वरचेवर पाठविल्या जातात. त्या दिवशी आपल्या घड्याळाने सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी अशी एक फाईल सुटली. तिच्यात २१ रकान्यांची अपेक्षा होती, आणि प्रोग्रॅम पुरवीत होता २०. एकविसावा रकाना वाचावयास गेलेला पहारेकरी जेथे काही नाही तेथे हात घालता झाला, आणि यंत्र कोसळले. सुरू केले की पुन्हा कोसळे. कारण पहारेकरी पहिल्यानेच जागा होतो. कंपनीने अठ्ठ्याहत्तर मिनिटांत फाईल मागे घेतली, परंतु तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे आडवी झाली होती. जगातील विंडोज यंत्रांच्या हिशेबी हे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी. पण ती यंत्रे विमानतळांची, रुग्णालयांची, पेढ्यांची होती. एरवी रामबाण ठरणारा बंद करून सुरू करण्याचा उपाय येथे फसला. माणसाने प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, ते विशेष अवस्थेत उघडून, ती फाईल हाताने पुसणे हाच बहुतेक ठिकाणी उपाय. आपल्याकडे विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. रिझर्व्ह बँकेने दहा बँका व वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळा आल्याचे सांगितले. अमेरिकेतील डेल्टा ह्या एका विमान कंपनीची सुमारे ७००० उड्डाणे रद्द झाली.

एकवीस आणि वीस! माझ्या वर्गात असे गणित चुकले असते तर मी ते पुन्हा करावयास सांगितले असते. हसण्यावारी न्यावयाची ही गोष्ट नव्हे, कारण ही फाईल निवडक यंत्रांवर आधी पाठवून थोडी वाट पाहिली असती तर दोष तेथेच कळला असता. पुढे कंपनीने तशी टप्प्याटप्प्याने पाठविण्याची रीत अवलंबिली. आणि गाभाऱ्यात तिऱ्हाइतास शिरू देणे टाळता आले नसते काय? अॅपलने २०१९ पासून आपल्या संगणकात ही वाट हळूहळू बंद करीत आणली आहे. मायक्रोसॉफ्टने युरोपीय संघाला २००९ मध्ये दिलेल्या कबुलीकडे बोट दाखविले. इतर कंपन्यांस आपल्याइतकाच प्रवेश देण्याचे तीत मान्य केले होते. त्यात काही तथ्य असेलही. तथापि ह्या प्रकारानंतर पहारेकऱ्यांस गाभाऱ्याबाहेर बसविण्याचे काम त्याच कंपनीने हाती घेतले, म्हणजे ते अशक्य नव्हते असे दिसते. २०२५ साली तिने आणखीही एक सुधारणा केली: निळ्या पडद्याचा रंग काळा केला!

आता गिऱ्हाइकाच्या हाती काय आहे ते पाहू. प्रोग्रॅम बसविताना 'मला मान्य आहे' ह्या चौकोनावर आपण टिचकी मारतो, त्यामागे दहा-वीस पानांचा करार असतो. त्याचा मथितार्थ बहुधा असा, की वस्तू आहे तशी दिली आहे. तिच्यामुळे तुमचे काम बुडाले, माहिती गेली, तर जबाबदारी आमची नाही, आणि असलीच तर तुम्ही दिलेल्या किमतीपुरती. पंख्याच्या कारखानदाराने असा कागद पुढे केला असता, तर आपण दुकानाची पायरी उतरलो असतो. परंतु हा करार सर्वत्र अभेद्य ठरतोच असे नाही. कॅलिफोर्नियातील एका प्रवाससंस्थेच्या चालक बाईंच्या यंत्रावर विंडोज १० आपण होऊन चढली व यंत्र निकामी झाल्यासारखे झाले. त्यांनी लहान दाव्यांच्या न्यायालयात दाद मागितली, आणि २०१६ साली कंपनीने अपील सोडून देऊन त्यांस १०,००० डॉलर दिले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य ह्या खटल्यात बाजारात तयार विकले जाणारे सॉफ्टवेअर हा मालच होय असे ठरविले. ते मात्र विक्रीकराच्या कामासाठी. म्हणजे कर घेताना तो माल ठरला. भरपाई देताना तो काय ठरतो, हे अजून पुरते स्पष्ट झालेले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनाबद्दलची जबाबदारी प्रथमच स्वतंत्रपणे मांडली, तो २०२० च्या जुलैत अंमलात आला. पण त्यातील उत्पादनाची व्याख्या वायू, द्रव व घन ह्या तीन अवस्था सांगून पुढे जाते, सॉफ्टवेअरचे नाव घेत नाही. विज्ञानाच्या शिक्षकास विचारूनही आज्ञावली ह्यांपैकी कोणत्या अवस्थेत बसते ते मला कळले नाही. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या नव्या निदेशात मात्र सॉफ्टवेअर हे उत्पादन असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. सदस्य राष्ट्रांनी ९ डिसेंबर २०२६ पर्यंत तो आपापल्या कायद्यांत उतरवावयाचा आहे. घरगुती माहिती नष्ट होणे ही त्यात हानी मानली आहे, आणि विकल्यानंतर पाठविलेल्या अपडेटमधून आलेला दोषही कारखानदाराच्या माथी बसू शकतो.

तोवर आपल्या कायद्यात जे आहे तेही अगदीच थोडे नाही. सदोष माल व सेवेतील उणीव ह्या दोहोंबद्दल तक्रार करता येते, आणि गिऱ्हाइकावर एकतर्फी अटी लादणाऱ्या अन्याय्य कराराविरुद्धही राज्य आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात फी पडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती दोष घडल्यापासून मोजतात. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर गाऱ्हाणे नोंदवून पाहावे. कित्येकदा तेवढ्यावरही काम होते. मात्र कोठेही गेले तरी पहिला प्रश्न विचारतात तो हा, की नक्की काय झाले व केव्हा. 'संगणक सारखा बंद पडतो' एवढ्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही. यास्तव यंत्राच्या शेजारी एक वही असावी. तीत दिनांक, वेळ, त्या वेळी उघडे असलेले प्रोग्रॅम, आदल्या दिवशी काही अपडेट आला होता काय, हे लिहावे. पडद्यावरील आकड्यांचा मोबाईलने फोटो काढावा. खरेदीची पावती व कराराची प्रत त्याच वहीत ठेवावी. विक्रेत्याशी दूरध्वनीवर बोलणे झाले तर तोच मजकूर लगेच लिहून त्यास पाठवावा, आणि आलेले उत्तर, ते कसेही असो, जपून ठेवावे.